धने-जिऱ्याचं पाणी आणि सरकारी वकील

आधी माफी मागतो. लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तेही इंजिनिअरिंगला, त्यामुळे आजवर माझ्या हातून जे काही लिहून झालं ती लॅबची जर्नल्स, त्यातलीही अर्धी मित्राची बघून. शिवाय ही हकिगत माझी नाहीच. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्यांची आहे, आणि भाडेकरूने घरमालकाच्या घरातलं चव्हाट्यावर आणू नये एवढं मला कळतं. पण घरमालकीण काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लिही की. फक्त आमचं नाव नको. आणि मला जाडी दाखवू नकोस." दोन्ही अटी मान्य आहेत. काकू सडपातळ होत्या.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टासमोर चहाची गाडी लावतात. त्यामुळे कायद्याचं माझं ज्ञान चहाच्या गाडीवरून दिसेल तेवढं. माणूस ऐन तारुण्यात बांधाच्या भांडणासाठी पहिला कटिंग घेतो आणि त्याच भांडणासाठी शेवटचा कटिंग बिनसाखरेचा घेतो, मधे नुसत्या तारखा. गुन्हेगार, पोलीस, वकील सगळे एकाच बाकड्यावर बसून चहा पितात. कोर्टात एखाद्याला बरं करतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. कोर्टात जाऊन लोक आजारी पडतात, हे मात्र डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी मास्टर्ससाठी जर्मनीत र्युसेल्सहाइमला आलो तेव्हा मराठी मंडळाच्या ओळखीतून काका-काकूंच्या घरातली तळघराची खोली मिळाली. काका गाडीच्या कारखान्यात गिअरबॉक्सवर काम करायचे. पुण्याहून आले तेव्हा मुलगा बालवाडीत होता. आता तो एकोणीस वर्षांचा होता. त्याला मी इथे चिरंजीव म्हणतो. त्याला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर तो जर्मनमधून द्यायचा. काकू विचारायच्या, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जा," म्हणजे हो. काका विचारायचे, "कॉलेजात गेला होतास का?" तो म्हणायचा, "आल्झो...", म्हणजे 'तर...', आणि या 'आल्झो'नंतर पुढे काही यायचं नाही. काकांना वाटायचं, मुलगा विचार करून बोलतो.

पोलीस आले ते सकाळी. मी तळघरातून दूध घ्यायला वर गेलो होतो. दारात तिघे, त्यांच्याबरोबर एक कुत्रा. काकूंना वाटलं, पत्ता नोंदवण्याचं काहीतरी राहिलं असेल, कारण जर्मनीत कुणीही सरकारी माणूस दारात आला की आपलं काहीतरी नोंदवायचं राहिलेलं असतं. त्यांनी तिघांनाही बूट काढायला लावले. आणि तिघांनी काढले. झडतीचा हुकूम हातात धरलेला तो उंच अधिकारी मोजे घालून घरभर फिरत होता, आणि त्याच्या एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. मला तेव्हापासून जर्मन पोलिसांची भीती वाटत नाही.

कुत्रा स्वयंपाकघरात गेला, मसाल्याच्या कपाटाशी थांबला आणि शिंकत सुटला. हिंग. बिचाऱ्याला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. मग त्यांनी कपाट उपसलं. काकूंकडे पांढऱ्या पुड्या कमी नव्हत्या. तांदळाची पिठी, खायचा सोडा, भगरीचं पीठ, पिठीसाखर, आणि सगळ्यांत संशयास्पद म्हणजे गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, काहीही न लिहिलेली, पुण्याहून आणलेली पांढरी रांगोळी.

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

मी सांगितलं की हे दारात जमिनीवर टाकतात.

"का?"

"लक्ष्मी यावी म्हणून." मला त्याहून चांगलं जर्मन तेव्हा येत नव्हतं.

त्यांनी रांगोळी तपासायला घेतली. खरा माल चिरंजीवाच्या फुटबॉलच्या बॅगेत, मोज्यांच्या जोडीत होता. थोडा चरस, आणि एका पिशवीत स्पीड म्हणतात ती नशेची पावडर. स्वतःपुरती असती तर गोष्ट वेगळी होती. पण चिरंजीव मित्रांनाही द्यायचा, आणि मित्रांपैकी एकाने पोलिसांना ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. काकू सोफ्यावर बसून होत्या. पोलीस निघताना त्या उठल्या आणि सवयीने म्हणाल्या, "चहा?" उंच अधिकारी थांबला. मला वाटतं त्याला घ्यायचा होता.

वकिलाकडे मला दुभाषा म्हणून नेलं. काकांचं जर्मन गिअरबॉक्सपुरतं होतं, ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं. काकूंचं जर्मन भाजीबाजारापुरतं. चिरंजीवाचं उत्तम होतं, पण आरोपीलाच दुभाषा करायचा नाही असं काकांनी ठरवलं होतं. उरलो मी, नुकतीच वरच्या परीक्षेत काठावर पास झालेली भाषा घेऊन.

वकील म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक, खटला. मुलगा तरुण आहे, तुरुंग बहुधा नाही, पण शिक्षा होईल, ती नोंदली जाईल. तुमचे पासपोर्ट अजून भारतीय आहेत, तेव्हा पुढे इथे राहण्याचा परवाना वाढवताना, नोकरीत, सगळीकडे ती आडवी येईल. दुसरा रस्ता म्हणजे उपचार. अमेरिकेत म्हणे यासाठी वेगळी कोर्टंच असतात. इथे तसं कोर्ट नाही, पण कायद्यात एक खिडकी आहे. मुलगा व्यसनाच्या आहारी गेला आहे आणि त्यातूनच हा गुन्हा घडला आहे हे दाखवायचं, त्याने उपचार सुरू करायचे, तर सरकारी वकील न्यायाधीशांच्या संमतीने आरोपपत्र तूर्त बाजूला ठेवू शकतो. उपचार चालू आहेत याचे पुरावे वेळोवेळी द्यायचे. मुदत नीट पार पडली की प्रकरण कायमचं बंद. मधेच सोडलं की खटला उभा.

मी हे सगळं मराठीत आणलं. काकांनी विचारलं,

"म्हणजे आपणच लिहून द्यायचं की हा व्यसनी आहे?"

"हो, काका."

"त्याला विचार, नुसता गुन्हेगार म्हणून नाही का चालणार?"

मी ते विचारलं. वकिलाने चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला. त्याच्या कारकिर्दीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर हाच विषय. माझं ताट वाढलेलं होतं म्हणून मी बसलो होतो, नाहीतर खाली गेलो असतो.

"आमच्या घराण्यात कुणी सुपारी खाल्ली नाही," काका म्हणाले.

"तुमचे धाकटे काका तपकीर ओढायचे," काकू म्हणाल्या.

"तपकीर औषधी असते."

"अगं, उद्या याच्या लग्नाचं बघायचं तर व्यसनी म्हणून कोण मुलगी देईल?" काकांनीच पुढे विचारलं.

"आणि शिक्षा झालेल्याला देतील?"

"शिक्षेचं सांगावं लागत नाही. म्हणायचं, काही वर्षं सरकारी पाहुणचार होता."

चिरंजीव भात कालवत होता. तो जर्मनमध्ये म्हणाला की मी व्यसनी वगैरे काही नाही, सगळेच घेतात. हे घरात फक्त मला नीट कळलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतो?"

"म्हणतो, तो व्यसनी नाही."

"बघ," काका काकूंना म्हणाले. आपल्या मुलाशी त्यांचं एकमत झालेलं मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

पण वकिलाने व्यसनमुक्तीच्या सल्लाकेंद्राची वेळ घेऊन ठेवली होती, आणि जर्मनीत घेतलेली वेळ मोडायची नसते. तिथल्या बाई पन्नाशीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, सायकलचं हेल्मेट टेबलावर ठेवून बसलेल्या. इथल्या भाषेत अशा सल्ल्याला बेराटुंग म्हणतात, म्हणून घरात त्यांचं नाव बेराटुंगबाई पडलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. बाईंनी चिरंजीवाला विचारलं, "रोज घेतोस?"

"नाही. फक्त वीकेंडला."

"तुझा वीकेंड कधी सुरू होतो?"

त्याने छताकडे पाहिलं. "बुधवारी."

"आणि संपतो?"

"आल्झो..."

बाई थांबल्या. काकांसारखं त्यांना वाटलं नाही की मुलगा विचार करतोय. त्या तशाच शांत बसून राहिल्या, मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो, आणि शेवटी तो म्हणाला, "सोमवारी उठवत नाही. म्हणून मंगळवारी थोडं घेतो." घरी जाताना बसमध्ये त्याने मला विचारलं, "दादा, हे घरी सांगणार?" हेही जर्मनमध्ये. 'दादा' तेवढं मराठी.

मी म्हणालो, "तू सांग."

त्याने सांगितलं. कसं सांगितलं ते मला माहीत नाही, मी खाली होतो. वरून काकूंच्या कुकरची शिट्टी झाली आणि बराच वेळ कुणी गॅस बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी कागदावर सही केली. वकिलाने कागद पुढे पाठवले आणि सरकारी वकिलाने मान्यता दिली. आरोपपत्र बाजूला राहिलं. तात्पुरतं, हा शब्द त्यात दोनदा होता.

मग सुरू झालं ते नमुन्याचं. बेराटुंगमध्ये आठवड्याची बैठक असायची, चिरंजीवाची त्याला हरकत नव्हती. पण कोणत्याही सकाळी फोन येई, की आज संध्याकाळच्या आत येऊन लघवीचा नमुना द्या. आधी कळवत नसत. आणि नमुना देताना एक माणूस शेजारी उभा राही.

"बघत असतो?" काकूंनी विचारलं.

"हो, फसवाफसवी होऊ नये म्हणून," मी म्हणालो.

"शी. त्याचा त्याला पगार मिळतो?"

"अगं, या देशात प्रत्येक कामाचं शिक्षण असतं," काका म्हणाले. "त्याचंही असेल. तीन वर्षांचं."

काकूंचं चिरंजीवाशी बोलणं त्या दिवसांत बंदच होतं. ताट वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण शब्द नाही. मात्र तपासणी म्हटलं की त्यांच्या अंगात येई. आमच्याकडे, म्हणजे तुमच्या-आमच्या सगळ्यांच्याच घरी, तपासणीला माणूस तयारी करून जातो. डॉक्टर दात बघणार म्हणून आपण आधी तीनदा घासतो. रक्त द्यायचं म्हणून आदल्या दिवशी गोड सोडतो. रिपोर्ट चांगला यायला हवा. आपल्याला काय झालंय ते डॉक्टरला कळलं नाही तरी चालेल, रिपोर्ट चांगला हवा. काकूंनी रात्रभर भिजवलेलं धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. सकाळी उठल्या उठल्या एक तांब्या. दुपारी ताक, पातळ. फोन आला की आणखी एक तांब्या, आणि बसमध्ये प्यायला थर्मास. पोरगं मुकाट्याने प्यायचं. आई बोलत नव्हती, तांब्या पुढे करत होती, आणि तो तांब्या तळापर्यंत संपवून परत द्यायचा. त्यांच्यात एवढंच बोलणं चाललं होतं.

पहिला नमुना परत आला. चिरंजीव टेबलावर म्हणाला की नमुना फार पातळ निघाला. मी ते काकूंना सांगितलं.

"पातळ? पिवळा नाही ना?"

"नाही. अगदी पाण्यासारखा, म्हणाले."

"मग झालं तर. सगळी उष्णता गेली." आणि बऱ्याच दिवसांनी त्या त्याच्याकडे बघून बोलल्या. "घे अजून भात."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मेकॅनिकलचा. तेल काळं निघालं तर इंजिन खराब, स्वच्छ निघालं तर चांगलं, एवढंच डोक्यात. चिरंजीवाला मात्र माहीत होतं. त्याला बेराटुंगबाईंनी समजावून सांगितलं होतं की खूप पाणी पिऊन आलं की नमुन्यात काहीच दिसत नाही, आणि म्हणून पातळ नमुना म्हणजे नमुना दिलाच नाही असं धरलं जातं. त्याने ते घरी सांगितलं नाही. भात घेतला.

दुसऱ्या फोनला काकूंनी धन्यांबरोबर वाळाही घातला.

दुसरा नमुनाही पातळ. आता बाईंचं पत्र आलं, आई-वडिलांनी मुलासह यावं. सरकारी वकिलाला द्यायचा अहवाल जवळ आला होता. दोन पातळ नमुने घेऊन त्या काय लिहिणार, हे पत्रात नव्हतं, पण काकांनी ओळखलं. त्यांनी त्या दिवशी कारखान्यात सुट्टी टाकली. गिअरबॉक्सच्या माणसाने मधल्याच वारी सुट्टी टाकणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखं होतं.

आम्ही चौघे बसलो. बाईंनी शांतपणे विचारलं, "दोन्ही वेळा एवढं पाणी का प्यालास?"

"तहान लागली होती," चिरंजीव म्हणाला.

"नोव्हेंबरात?"

"जा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, मला अहवालात लिहावं लागतं की तू तपासणी टाळतोस. तसं लिहिलं तर सरकारी वकील प्रकरण परत उघडेल, हे तुला माहीत आहे. मला कारण सांग."

"तहान."

मी सगळं मराठीत सांगत होतो. काकूंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "थांब," त्या मला म्हणाल्या. "तिला सांग, पाणी मी देत होते."

चिरंजीव जर्मनमध्ये पटकन म्हणाला, "तिला मधे आणू नका."

"सांग तिला," काकू म्हणाल्या. आणि पिशवीतून थर्मास काढून टेबलावर, सायकलच्या हेल्मेटशेजारी ठेवला. "आत्ताही येताना बसमध्ये पाजलं."

मग मला जर्मनमध्ये शरीरातली उष्णता समजावून सांगावी लागली. धने थंड, जिरे थंड, वाळा थंड. लघवी पिवळी म्हणजे आत काहीतरी जळतंय, स्वच्छ म्हणजे माणूस शांत. आंब्याने उष्णता होते, पपईनेही होते, काळजीने तर सगळ्यांत जास्त. बाई ऐकत होत्या. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि विचारलं, "मी घेऊ?" झाकणात ओतून एक घोट घेतला.

"कसं आहे?" काकूंनी थेट त्यांना विचारलं, त्यांच्या भाजीबाजारी जर्मनमध्ये.

"मोज्यांसारखं," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण वाईट नाही."

काकांनी विचारलं, "म्हणजे आता अहवाल चांगला?"

बाई म्हणाल्या, नाही. कारण कळलं ते चांगलं झालं, पण नमुना नमुनाच असतो. त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी, केंद्र उघडताच, तो पुन्हा देईल. आज संध्याकाळपासून पाणी बेतानेच. आणि ही तपासणी अहवालात जाईल, जशी येईल तशी.

त्या संध्याकाळी काकूंची पंचाईत मी पाहिली. आयुष्यभर ज्या बाईने कुणाला पाण्यावाचून दारातून जाऊ दिलं नाही, पोलिसांनासुद्धा नाही, तिला स्वतःच्या पोराला पाणी द्यायचं नव्हतं. चिरंजीव जेवताना खोकला, तर त्यांचा हात तांब्याकडे गेला आणि परत आला. त्यांनी स्वतः पाणी घेतलं नाही. काकांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलंय?" तर म्हणाल्या, "माझी निर्जळी आहे." तिथीने त्या दिवशी काहीच नव्हतं. काकांनी थोडा वेळ भांडं हातात धरलं आणि तेही तसंच खाली ठेवलं. मी मात्र तळघरात जाऊन नळाखाली पोटभर पाणी प्यालो. मी भाडेकरू होतो.

सकाळी नमुना दिला. निकालाला काही दिवस लागले, आणि या वेळी बाईंनी आधी चिरंजीवाला एकट्याला बोलावलं, मग आम्हाला आत घेतलं.

स्पीड नव्हतं. चरस होता.

काका माझ्याकडे वळले. "म्हणजे पास का नापास?"

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ही परीक्षा नाही. मी ते मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "त्यांना सांग, ज्यांना निकाल सांगायचा नसतो ते असंच म्हणतात."

काकू चिरंजीवाकडे बघत होत्या. "कधी?"

तो जर्मनमध्ये बोलला आणि मी ते मराठीत आणलं. महिन्याभरापूर्वी सुटला नव्हता, मग सुटला, मग मधे पुन्हा दोनदा ओढला, असं काहीसं त्याने सांगितलं.

"मग माझं पाणी कशाला पीत होतास?"

त्याने खांदे उडवले. आजवर मला ठरवता आलेलं नाही की तो ते आईसाठी प्यायचा की नमुन्यासाठी. मला वाटतं त्यालाही आलं नसावं. दोन्ही गोष्टी एका तांब्यात मावत होत्या.

बाई मात्र नाराज दिसल्या नाहीत, उलट खुर्चीत जरा पुढे सरकल्या. "आता माझ्या हाताशी काहीतरी आलं," त्या म्हणाल्या. "पाण्याशी मी काय बोलणार होते?" त्यांनी सांगितलं की पुन्हा घेणं यात नवल नाही, लपवणं वाईट. त्या जसं आहे तसं लिहितील, आणि सुचवतील की आठवड्याच्या बैठकीने भागत नाही, मुलाने काही महिने उपचारकेंद्रात राहावं. ते जंगलाच्या बाजूला, लांब आहे. सरकारी वकील मान्य करेल की खटला भरेल, हे त्या सांगू शकत नव्हत्या. पण एक गोष्ट आधी लागेल. मुलाने स्वतः तयार असायला हवं.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. मला वाटलं, 'आल्झो' येणार आणि पुढे काही येणार नाही. तो म्हणाला, "तिथे फोन काढून घेतात?"

"पहिले काही आठवडे."

"आई फोन नाही करू शकणार?"

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. काकूंना हे मी गाळून सांगितलं.

सरकारी वकिलाचं उत्तर येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मान्यता आली, अट वाढवून. केंद्रातून पळाला किंवा काढून टाकला गेला तर सरळ आरोपपत्र. काकूंनी त्याची बॅग भरली. लाडू, चिवडा, आणि तळाशी धने-जिऱ्याची पुडी. केंद्रात सामान तपासताना ती पुडी अर्थातच जप्त झाली.

मंडळात सांगायचं काय, हा पुढचा प्रश्न होता. काकांनी ठरवलं, इंटर्नशिप. माघी गणपतीत आरतीनंतर एका सॉफ्टवेअरवाल्या काकांनी विचारलं, "कुठे आहे इंटर्नशिप?"

"जंगलाच्या बाजूला."

"कोणत्या क्षेत्रात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रसाद खात होतो. "आरोग्य," काका म्हणाले.

"वा. स्टायपेंड देतात?"

"राहणं-खाणं देतात."

"मग माझ्या मुलाचाही अर्ज पाठवतो की. कुणाला भेटायचं सांगा."

काका म्हणाले, "तिथे घ्यायला जरा कडक आहेत." खोटं बोलताना त्यांच्या तोंडून इतकं खरं मी कधी ऐकलं नव्हतं.

माझं शिक्षण संपलं. मला गेर्लिंगेनला एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत काम मिळालं, तेव्हा मी तळघर सोडलं. चिरंजीव तेव्हा केंद्रातून परत आला होता, पुन्हा आठवड्याच्या बैठका, पुन्हा अवचित फोन. मुदत अजून बरीच बाकी होती. काकूंनी मला निरोप देताना डबा दिला आणि त्याने माझी बॅग स्टेशनपर्यंत आणून दिली. वाटेत बोलला ते फुटबॉलबद्दल. माझं फुटबॉलचं ज्ञान कायद्याच्या ज्ञानाएवढंच.

नंतर मधून मधून फोन व्हायचे. काकू सांगायच्या, मुळा चांगला मिळत नाही, काकांचा गुडघा दुखतो, शेजारणीने झाडाच्या फांदीवरून तक्रार केली. मला विचारायचं असायचं आणि तोंडातून निघायचं नाही. विचारणार काय? प्रकरणाचं काय झालं, हा प्रश्न वडिलांच्या गाडीवर रोज कुणीतरी कुणालातरी विचारतं आणि उत्तर ठरलेलं असतं, तारीख पडली. मला ते उत्तर काकूंकडून ऐकायचं नव्हतं. म्हणून मी विचारायचो, "सगळे बरे?" आणि त्या म्हणायच्या, "बरे." एकदा म्हणाल्या, "तो छपरं घालायचं शिकतोय. घरांची. काका म्हणतात, इंजिनिअरच्या घरात कौलं घालणारा निघाला." त्यावरून कळलं, की मुलगा सकाळी उठतो. सोमवारीसुद्धा. छपरावर उशिरा जाऊन चालत नाही, असं कळलं.

आणखी दोन उन्हाळे गेले. मग एका शनिवारी दुपारी, मी कपडे वाळत घालत होतो, तेव्हा फोन वाजला. नाव काकांचं. काका मला कधी फोन करत नसत, त्यामुळे माझ्या हातातला शर्ट खाली पडला.

"काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"कपडे, काका."

"हं." मागे काकूंचा आवाज आला, "अहो, सांगा ना त्याला, की मी सांगू?"

"सांगतो," काका म्हणाले. मग घसा साफ करून, ऑफिसात बोलावं तसं म्हणाले, "सरकारी वकिलाचं पत्र आलं. खटला भरणार नाहीत. मी तीनदा वाचलं. तात्पुरतं हा शब्द त्यात नाही."